टुणुक टुणुक पुदिन्याची काडी

शालनकाकूच्या घरी पुदिन्याची जुडी आली. हिरवी हिरवी. गार गार.

काकूला चटणी करायची होती. काकूने पानं खुडली. खुट खुट खुट! पानं गेली मिक्सरमध्ये. घुर्रर्र! झाली चटणी.

आणि काड्या? काड्या गेल्या बादलीत. ओल्या कचऱ्याच्या. धप्प!

चटणीचं सगळ्यांनी कौतुक केलं. काड्यांचं कुणी केलं नाही. काड्यांनी काय केलं होतं? नुसती पानं तर धरून ठेवली होती!

त्या बादलीत एक काडी होती. एवढीशी. काकूच्या बोटाएवढी. तिच्या शेंड्यावर एक पान राहिलं होतं. टिकलीएवढं. काकूच्या नजरेतून सुटलेलं.

तेवढ्यात लांबून आवाज आला.

टण टण टण!

"घंटागाडी!" बटाट्याची साल म्हणाली. "चला, आवरा. बादली आता रिकामी होणार. आपण सगळे गाडीत."

बाकीच्या काड्या म्हणाल्या, "जाऊ दे. आपण कचराच." आणि गप्प पडून राहिल्या.

पण ही काडी म्हणाली, "मी नाही कचरा. मी पुदिना आहे. घोटभर पाणी मिळालं, तर मला मुळं फुटतील. मला पानं येतील."

"हो का?" साल म्हणाली. "मग मला बटाटे येतील."

काडीला राग आला. तिने मारली उडी. टुणुक! बादलीच्या बाहेर.

निघाली काडी. टुणुक टुणुक टुणुक. ओट्यावर बसली होती बरणी. काचेची. रिकामी.

काडी म्हणाली,

"पानं माझी चटणीत गेली,
काडी उरली, कोरडी झाली.
घोटभर पाण्यात उभी राहीन,
नवं नवं पान देईन.

बरणी, बरणी, मला आत घे."

बरणी म्हणाली, "तुला? अगं, मी लोणच्याची बरणी. माझ्यात कैऱ्या राहून गेल्यात. चांगल्या घरच्या."

"पण लोणचं संपलं ना?"

"लोणचं संपलं. थाट नाही संपला. शिवाय माझ्या अंगाला तेल आहे. घासणी मला घासेल, तर मी तुला घेईन."

निघाली काडी. टुणुक टुणुक टुणुक. कोपऱ्यात पडली होती घासणी.

काडी म्हणाली,

"पानं माझी चटणीत गेली,
काडी उरली, कोरडी झाली.
घोटभर पाण्यात उभी राहीन,
नवं नवं पान देईन.

बरणी घेईना.
मी राहू कुठे?

घासणी, घासणी, बरणी घास."

घासणी म्हणाली, "कोरडी कोरडीच घासू? वा! मग काचेवर ओरखडे पडणार. आणि नाव कुणाचं? माझं! नळ वाहील, तर मी घासेन."

निघाली काडी. टुणुक टुणुक टुणुक. वर बघते तर नळ.

काडी म्हणाली,

"पानं माझी चटणीत गेली,
काडी उरली, कोरडी झाली.
घोटभर पाण्यात उभी राहीन,
नवं नवं पान देईन.

घासणी घासेना,
बरणी घेईना.
मी राहू कुठे?

नळा, नळा, पाणी सोड."

नळ म्हणाला, "कसं सोडू? मुकुंदकाका येता जाता माझा कान पिळतात. घट्ट! एक थेंब गळू देत नाहीत. पाणी वाचवतात. मग न्हाणीघरात शिरतात, आणि गाणं संपेपर्यंत शॉवर चालू. काका मला फिरवतील, तर मी वाहीन."

टण टण टण! घंटागाडी शेजारच्या गल्लीत आली.

निघाली काडी. टुणुक टुणुक... टुणुक. जरा दमली होती ती. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते काका.

मुकुंदकाका म्हणजे झाडांचे मोठे प्रेमी. खिडकीत त्यांची महागडी कुंडी होती. कुंडीत फुलं होती. प्लास्टिकची. काका त्यांना रोज पाणी घालायचे. फुलं कधीच सुकली नव्हती. काकांना त्याचा फार अभिमान होता.

आत्ता काका मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. घरच्या घरी बाग कशी फुलवावी, त्याचा.

काडी म्हणाली,

"पानं माझी चटणीत गेली,
काडी उरली, कोरडी झाली.
घोटभर पाण्यात उभी राहीन,
नवं नवं पान देईन.

नळ वाहेना,
घासणी घासेना,
बरणी घेईना.
मी राहू कुठे?

काका, काका, नळ फिरवा."

काका म्हणाले, "शूऽऽ! दिसत नाही का? मी झाडांचं बघतोय. झाडांसाठी मला आत्ता वेळ नाही."

"पण काका, मी झाडच आहे. छोटं."

"असशील. पण माझ्या मांडीवर माऊ झोपली आहे. तिला कसं उठवू? माऊ उठेल, तर मी हलेन."

काडीने मारली उडी. टुणुक! काकांच्या मांडीवर. तिथे होती माऊ. गोल गोल. गुर्रर्र गुर्रर्र.

काडी म्हणाली,

"पानं माझी चटणीत गेली,
काडी उरली, कोरडी झाली.
घोटभर पाण्यात उभी राहीन,
नवं नवं पान देईन.

काका हलेनात,
नळ वाहेना,
घासणी घासेना,
बरणी घेईना.
मी राहू कुठे?

माऊ, माऊ, ऊठ ना."

माऊने एक डोळा उघडला. दुसरा उघडायचा कंटाळा केला.

माऊ म्हणाली, "मी सकाळपासून झोपतेय. किती दमले असेन! कुणाला आहे का काही त्याचं? काकू दूध देईल, तर मी उठेन."

टण टण टण! घंटागाडी आपल्या गल्लीत आली.

निघाली काडी. टुणुक... टुणुक... टुण... मान खाली गेली. अंग सुकलं. पण काडी थांबली नाही. पोचली स्वयंपाकघरात. काकूच्या पायाशी.

काडी म्हणाली,

"पानं माझी चटणीत गेली,
काडी उरली, कोरडी झाली.
घोटभर पाण्यात उभी राहीन,
नवं नवं पान देईन.

माऊ उठेना,
काका हलेनात,
नळ वाहेना,
घासणी घासेना,
बरणी घेईना.
मी राहू कुठे?

काकू, काकू, माऊला दूध दे."

काकू म्हणाली, "देते हं! सगळ्यांचं मीच बघायचं. काकांचं मी, माऊचं मी, आता काडीचंही मी. आधी माझा चहा होईल. मग दूध. आणि माझ्या चहाला लागतो पुदिना. पुदिना मिळेल, तर मी दूध देईन. पण पुदिना आहे कुठे? सगळा चटणीत गेला."

"काकू, मीच पुदिना आहे."

काकूने खाली वाकून पाहिलं.

"तू? तू काडी. पुदिना म्हणजे पानं!"

 काडीला फार वाईट वाटलं.

तिने शेंड्याकडे पाहिलं. तिथे होतं पान. टिकलीएवढं. एकुलतं एक. ते होतं, म्हणून ती पुदिना होती. ते गेलं, तर ती नुसती काडी.

टण टण टण! घंटागाडी दारात आली.

काकूने बादली उचलली.

"थांब!" काडी ओरडली. "काकू, हे घे माझं पान. शेवटचं आहे. जपून टाक."

खुट!

काकूने पान बोटांत चुरडलं. वास घेतला. मग खोल खोल वास घेतला.

"अगं बाई! हा तर पुदिनाच की!"

काडी हे कधीची सांगत होती. पण असो.

काकूने बादली खाली ठेवली. पान चहात टाकलं. चहा उकळला. रट रट रट! काकू चहा प्यायली. फुर्रर्र!

मग काय झालं?

काकूने दूध दिलं.
माऊ उठली.
काका हलले. पायाला मुंग्या आल्या होत्या. "आई गं! आई गं!" करत लंगडत आले.
काकांनी नळ फिरवला.
नळ वाहिला. धो धो!
घासणी भिजली.
घासणीने बरणी घासली. खस खस खस!
बरणी चकचकली. पाण्याने भरली.

आणि काडीने मारली उडी. टुणुक! डुबुक!

घोट घोट घोट. काडी पाणी प्यायली. मान वर आली. अंग ताठ झालं. किती बरं वाटलं तिला!

काकू बादली घेऊन खाली गेली. बटाट्याची साल गेली. "आपण कचराच" म्हणणाऱ्या काड्या गेल्या. घंटागाडीही गेली. टण टण... टण.

आपली काडी राहिली. काकूने बरणी ठेवली उन्हाच्या खिडकीत. प्लास्टिकच्या फुलांच्या शेजारी.

फुलं म्हणाली, "शी! हिला तर एक पानसुद्धा नाही. आम्ही बघ कशी! कायम फुललेली."

काडी म्हणाली, "थांबा जरा."

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी काडी बाहेर उपसली. "मुळं आली का? नाही आली." परत खुपसली.

तिसऱ्या दिवशी काका आले. काडी उपसली. "मुळं आली का? नाही आली." परत खुपसली.

बरणी म्हणाली, "काका, मी काचेची आहे. माझ्यातून सगळं दिसतं. बाहेरूनच बघा की!"

"अरेच्चा," काका म्हणाले. "हे व्हिडिओत नव्हतं."

मग काका बाहेरून बघू लागले. काकू पाणी बदलू लागली. आणि एके दिवशी काडीच्या पेरातून काहीतरी डोकावलं. पांढरं. दोऱ्यासारखं.

मुळं!

मग वरून काहीतरी डोकावलं. हिरवं. टिकलीएवढं.

पान! मग अजून एक पान. मग पानंच पानं!

काकांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "मी पुदिना पिकवला!"
नळ म्हणाला, "पाणी माझं."
घासणी म्हणाली, "मेहनत माझी."
बरणी म्हणाली, "माझ्याकडे नेहमी चांगल्या घरचेच येतात."
माऊ म्हणाली, "मी उठले नसते, तर?"

आणि काडी? ती वाढत होती. तिला काम होतं.

मग काकूला चटणी करायची होती. आली काकू खिडकीपाशी. हात पुढे केला.

"काडी, काडी, पानं दे."

काडी म्हणाली, "देईन की! पण माझे शेंडे खुडशील, पानं घेशील, मग काड्या उरतील. त्या काड्या पाण्यात राहतील, तर मी पानं देईन."

"अस्सं?" काकू म्हणाली. "मला अट घालतेस? हे कुठे शिकलीस गं?"

"तुमच्याच घरात," काडी म्हणाली.

काकूने काकांकडे पाहिलं. काकांनी माऊकडे पाहिलं. माऊने भिंतीकडे पाहिलं.

काकूने पानं घेतली. खुट खुट खुट! काड्या उरल्या. बादली तोंड उघडून बसली होती. पण काकू बादलीकडे गेलीच नाही. तिने काढला एक कप. कान तुटलेला. एक जॅमची बाटली. आणि काकांचा दाढीचा मग. काकांना न विचारता.

डुबुक! डुबुक! डुबुक! काड्या पाण्यात उभ्या राहिल्या.

"आणि मी?" आपली काडी म्हणाली. "मला आता मुळं आहेत. मला माती हवी."

खिडकीत एकच कुंडी होती. महागडी. काका खूप वेळ विचार करत बसले. मग उठले. स्वतःहून! प्लास्टिकची फुलं बाहेर आली. कुंडीत माती आली. मातीत काडी बसली.

काकांनी पाणी घातलं. रोजच्यासारखं. आज पहिल्यांदा ते कुणीतरी प्यायलं.

घोट घोट घोट.

काडीला मिळालं घर, गोष्टीला मिळाला शेवट. आणि तुम्हाला मिळाली चटणी. चाटून झाली ना? मग आता कान द्या बरं.

टण टण टण!

बघा, घंटागाडी आली. पळा! तुमच्या बादलीत कोण आहे?