गोगीचं पान, हत्तीचा कान

एक होतं पाळणाघर. त्याचं नाव लाल भोपळा. बाहेरून लाल लाल, आतून नुसता गोंगाट.

लाल भोपळ्याच्या अंगणात होता नळ. नळाखाली होती ओली फरशी. फरशीवर राहायची एक गोगलगाय. एवढीशी. बोराएवढी. तिचं नाव गोगी.

लाल भोपळ्यात रोज नवी मजा असायची. सोमवारी माती. मंगळवारी रंग. बुधवारी पाणी. गुरुवारी गाणी. शुक्रवारी गरम गरम पेज. शनिवारी? शनिवारी सुट्टी, सगळे आपापल्या घरी.

तर सोमवार होता. हौसामावशी नळावर पालक धूत होती. हौसामावशी म्हणजे पाळणाघरात खाऊ करणारी मावशी. धुता धुता एक पान खाली पडलं. टप्प. अगदी गोगीच्या नाकासमोर.

"माझं पान," गोगी म्हणाली. खायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिला जांभई आली. मग झोप आली. गोगलगायच ती. तिला कसली घाई?

उठून बघते तर पान गायब.

कुठं गेलं पान? शमिकानं नेलं. शमिका मातीचा हत्ती करत होती. हत्तीला पाय झाले. सोंड झाली. शेपूट झालं. कान राहिले. शमिकानं ते पान उचललं आणि हत्तीच्या डोक्याला चिकटवलं. थप्प. पान एकच होतं, म्हणून कानही एकच झाला. मग हत्ती गेला खिडकीत वाळायला.

गोगीचं पोट म्हणालं, गुडगुड गुडगुड.

गोगी निघाली. सर्रर्र, थांब. सर्रर्र, थांब. भिंत चढली. खिडकीत पोचली.

"हत्तीदादा, हत्तीदादा, माझं पान दे."

"पान? कुठलं पान? हा तर माझा कान," हत्ती म्हणाला. "एकुलता एक कान. तो दिला तर मी ऐकू कशानं? आधी मला दुसरा कान हवा. ब्रशला सांग, कान रंगव. मग हा घेऊन जा."

गोगी निघाली. सर्रर्र, थांब. सर्रर्र, थांब. पोचेपर्यंत मंगळवार उजाडला.

मंगळवार रंगांचा. मुलांचे हात लाल. नाकं पिवळी. एकाची तर चड्डी हिरवी. फक्त एक ब्रश डब्यात रुसून बसला होता.

"ब्रशबुवा, ब्रशबुवा, एक कान रंगवता का?"

"कुणासाठी?"

"काय सांगू ब्रशबुवा?
हत्ती पान देईना,
पोट म्हणतं गुडगुड गुडगुड."

"रंगवला असता," ब्रश म्हणाला. "पण माझे केस बघ. मागच्या मंगळवारचा रंग तसाच वाळलाय. हात लावून बघ, काटे झालेत काटे. आधी मला आंघोळ हवी. झारीला सांग, पाणी घाल. मग कान रंगवतो."

गोगी निघाली. सर्रर्र, थांब. सर्रर्र, थांब. मधे एकदा झोपली. पोचेपर्यंत बुधवार उजाडला.

बुधवार पाण्याचा. मुलं झाडांना पाणी घालत होती. झाडांना कमी, एकमेकांना जास्त. निळी झारी मात्र नळाजवळ उभी होती. पोट भरलेलं, पण तोटीतून थेंब येईना.

"झारीबाई, झारीबाई, ब्रशला आंघोळ घाला ना."

"का गं?"

"काय सांगू झारीबाई?
ब्रश कान रंगवेना,
हत्ती पान देईना,
पोट म्हणतं गुडगुड गुडगुड."

"घातली असती गं बाई," झारी म्हणाली. "पण माझ्या तोटीत मोजा अडकलाय. कालपासून मला शिंकसुद्धा येत नाही. मोज्याला सांग, बाहेर ये. मग आंघोळ घालते."

मोजा काही लांब नव्हता. तोटीतच होता. गोगी तोटीवर चढली आणि आत डोकावली. आत पिवळा मोजा. एवढासा. बाळाच्या पायाचा.

"मोजेराव, मोजेराव, बाहेर या."

"कशाला?"

"काय सांगू मोजेराव?
झारी आंघोळ घालेना,
ब्रश कान रंगवेना,
हत्ती पान देईना,
पोट म्हणतं गुडगुड गुडगुड."

"मी एकटा येणार नाही," मोजा म्हणाला. "मोजे जोडीनं हिंडतात. माझी जोडी बिट्टूबाळाच्या पायात आहे. त्याला सांग, मोजा सोड. जोडी आली की लगेच येतो."

गोगी निघाली. सर्रर्र, थांब. सर्रर्र, थांब. पाळण्याची दोरी चढली. चढेपर्यंत गुरुवार उजाडला.

गुरुवार गाण्यांचा. पण गाणं कुठंच नव्हतं. पाळण्यात बिट्टूबाळ होतं. एक पाय उघडा, एका पायात मोजा. तोंड भलंमोठं उघडलेलं.

"भ्यां," बाळ म्हणालं.

"बाळराजे, बाळराजे, मोजा सोडा ना."

"भ्यां?"

"काय सांगू बाळराजे?
मोजा बाहेर येईना,
झारी आंघोळ घालेना,
ब्रश कान रंगवेना,
हत्ती पान देईना,
पोट म्हणतं गुडगुड गुडगुड."

"भ्यां भ्यां भ्यां," बाळ म्हणालं आणि मोजा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तुम्हांला कळलं का? गोगीला लगेच कळलं. बाळ म्हणत होतं, आज गुरुवार आहे, माझं गाणं कुठाय? ताईला सांग, गाणं म्हण. मग मोजा सोडतो.

ताई पाळण्याशीच बसली होती. मृणालताई. एका मांडीवर एक मूल, दुसऱ्या मांडीवर दुसरं मूल, पाठीवर तिसरं. हातानं पाळणा हलवत होती. गळ्याला मफलर होता.

"ताई, ताई, गाणं म्हण ना."

"का गं गोगी?" ताई म्हणाली. पण आवाज कसा आला? खर्रर्र. जुनं दार उघडल्यासारखा.

"काय सांगू ताई?
बाळ मोजा सोडेना,
मोजा बाहेर येईना,
झारी आंघोळ घालेना,
ब्रश कान रंगवेना,
हत्ती पान देईना,
पोट म्हणतं गुडगुड गुडगुड."

"म्हटलं असतं गं राणी," ताई म्हणाली. खर्रर्र. "पण माझा घसा बसलाय. गरम पेज प्यायले की सुटेल. मावशीला सांग, पेज वाढ. मग गाणं म्हणते."

गोगी निघाली. सर्रर्र, थांब. आता ती दमली होती. सर्रर्र, थांब, थांब, थांब. तिला पानाची फार आठवण आली. डोळ्यांत पाणी आलं. गोगलगायीचे डोळे शिंगांच्या टोकावर असतात, म्हणून पाणी पार वरून ओघळलं. तरी ती निघाली. पोचेपर्यंत शुक्रवार उजाडला.

शुक्रवार पेजेचा. मुलं आसनांवर गोल बसली होती. ताईही बसली होती, मांडीवर बिट्टूबाळाला घेऊन. पुढं वाट्या. वाट्यांत चमचे. मधोमध मोठं पातेलं. पातेल्यावर झाकण. झाकणावर हौसामावशीचा हात. कुणी खात नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. फक्त बाळ म्हणत होतं, भ्यां.

"मावशी, मावशी, पेज वाढ ना."

"कोन बोललं?" मावशीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"मी गोगी. इथं, खाली.
काय सांगू मावशी?
ताई गाणं म्हणेना,
बाळ मोजा सोडेना,
मोजा बाहेर येईना,
झारी आंघोळ घालेना,
ब्रश कान रंगवेना,
हत्ती पान देईना,
पोट म्हणतं गुडगुड गुडगुड."

"वाढली असती गं," मावशी म्हणाली. "पर माझा नेम हाय. समदी बसल्याबिगर झाकण निघत न्हाई. ते बघ, तिथं आसन रिकामं हाय. आसन रिकामं, तर झाकण बंद."

खरंच एक आसन रिकामं होतं. ते शमिकाचं. शमिका गेली होती मामाकडे. मामाकडे ती लाडू खात होती आणि इथं सगळी उपाशी बसली होती.

"आता कोण बसणार तिथं?" ताई म्हणाली. खर्रर्र.

सगळे आसनाकडे बघत बसले. गोगीही बघत बसली. मग ती म्हणाली, "मी बसू?"

मावशीनं तिच्याकडे नीट निरखून बघितलं.

"हात धुतलं का?"

"मला हात नाहीत मावशी."

"मग पाय दाखव."

"एकच आहे."

मावशीनं ओलं फडकं घेतलं. गोगीचा एकुलता एक पाय पुसला. चांगला खसखसून पुसला. गोगीला गुदगुल्या झाल्या.

"आन ते पाठीवरचं दप्तर खुंटीला लाव. दप्तर घालून जेवायचं न्हाई."

"ते निघत नाही मावशी. ते माझं घर आहे."

"बरं, ऱ्हाऊ दे. पर सांडलंस तर बघ." मावशीनं गोगीच्या गळ्यात लाळेरं बांधलं. लाळेरं एवढं मोठं की त्यात गोगी दिसेनाशी झाली. मग मावशीनं तिला उचललं आणि आसनावर ठेवलं. मधोमध.

मावशीनं सगळीकडे नजर फिरवली. सगळी आसनं भरली होती.

झाकण निघालं. भक्कन वाफ आली.

मावशीनं सगळ्यांना पेज वाढली. गोगीला मात्र पानच हवं होतं. ताई पेज प्यायली. सुर्रर्र. घसा सुटला. मोकळा झाला. ताईनं गाणं म्हटलं:

"एक पाय झाकला, एक पाय उघडा,
दोघांचा लागला केवढा झगडा."

बाळ हसलं. हसता हसता पाय झाडले. मोजा उडाला. फुर्रर्र.

मावशीनं मोजा हवेतच पकडला आणि गोगीला झाकणावर बसवलं. "चल, तुला पोचवते. तुझी चाल बघून माझंच पाय दुखाया लागलं." मावशी निघाली. मागून ताई निघाली, बाळाला कडेवर घेऊन. मागून सगळी मुलं. कुणाच्या हातात चमचा, कुणाच्या डोक्यावर वाटी.

जोडी दिसली आणि मोजा तोटीतून बाहेर आला. सुळ्ळकन.

झारीला शिंक आली. आक् छी. पाणी सुटलं. ब्रशला आंघोळ घातली. ताईला घातली, मावशीला घातली. उरलेलं उडालं थेट खिडकीत, हत्तीच्या अंगावर. सुकलेलं पान टवटवीत झालं.

ब्रशचे केस मऊ झाले. ब्रश रंगात बुडाला आणि खिडकीत गेला. फर्र, फर्र, फर्र. हत्तीच्या डोक्यावर कान रंगवला. निळा. चांगला मोठा.

हत्तीनं निळा कान हलवून बघितला. मग सोंडेनं हिरवा कान काढला. पटक. झाकणावर ठेवला, गोगीच्या समोर.

"घे तुझं पान," हत्ती म्हणाला. "थोडी माती लागली आहे."

गोगीला झोप आली का? मुळीच नाही. आज तिनं जांभईसुद्धा दिली नाही. लाळेरं बाजूला सारलं आणि घास घेतला.

कुरुम.

आणखी एक घास. कुरुम कुरुम.

सगळे गप्प उभे होते. बिट्टूबाळसुद्धा गप्प. हत्तीचा निळा कान हलला.

"ऐकू आलं," हत्ती म्हणाला. "कुरुम कुरुम. किती छान वाजतंय."

गोगीनं सगळं पान खाल्लं. देठसुद्धा खाल्ला. मग हत्ती वाकला. त्यानं नवा कान गोगीच्या पोटाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काय म्हणतंय पोट?" मुलांनी विचारलं.

"काहीच नाही," हत्ती म्हणाला.

पोट गप्प झालं. गोष्टही गप्प झाली.