गोधडीची घाई

कपडे अजून आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. सगुणाकाकूंनी एक जाड गोधडी धुऊन दोरीवर टाकली आणि म्हणाल्या, "उद्यापर्यंत वाळली नाही, तर कुबट वास धरेल. मग फाडून पायपुसणी करीन हिची."

 गोधडीच्या भाराने दोरी पार वाकली होती. शेजारचा रुमाल मात्र तासाभरात वाळून भिरभिरत होता.

"काय गोधडीबाई, किती उतरलं वजन?" त्याने विचारलं.

"अरे, सकाळपासून नुसती थेंब थेंब गळतेय. असं कधी व्हायचं?"

"गळतेस ना? मग गळत राहा," दोरीवरचा म्हातारा चिमटा म्हणाला.

पण गोधडीला दम कुठला! तिने वाऱ्याला हाक मारली, "दादा, एकच जोराचा हिसका दे. सगळं पाणी एकदम जाऊ दे!"

वाऱ्याने हिसका दिला. चिमटा उडाला आणि गोधडी धपकन खाली पडली, ती थेट आपल्याच गळलेल्या पाण्याच्या डबक्यात. सकाळपासून घालवलेलं सगळं पाणी ती घटाघटा पुन्हा प्यायली, वर चिखलही.

"घ्या! आता नव्याने सुरुवात," रुमाल खिदळला.

काकूंनी तिला खळबळून पुन्हा दोरीवर टाकलं. आता गोधडी नुसती गळत राहिली. तिने थेंब मोजले नाहीत, की रुमालाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा आला. "देऊ का हिसका?"

"नको रे दादा, तू आपला सावकाश जा."

वारा हळूच पुढे सरकला, तशी वाळून हलकी झालेल्या गोधडीची कड अलगद वर उचलली गेली.