कोंडाईचा दोर

नदी गावाला शहाण्यासारखी वळसा घालून जायची, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. सावळखेड्यात कोंडाई राहायची. अंबाडीचे दोर वळायचे, हा तिचा धंदा. तिच्या दोराने बांधलेला बैल कधी सुटला नाही, असं म्हणतात.

एका साली नदी गावात शिरली. घरं बुडाली, कणग्या वाहून गेल्या. वाचली ती माणसं टेकडीवर चढली. चहूकडे गढूळ पाणी, पण पिण्याजोगा थेंब नाही. गोडा झरा होता तो टेकडीमागे, निवडुंगाच्या जाळीपलीकडे. तिथे बायकाच जायच्या. त्यांच्या राखणीला पाटलाने हैबती नावाचा दांडगा गडी जाळीच्या तोंडाशी बसवला.

एके दिवशी भिवरा नावाची पोर झऱ्यावर गेली ती रिकामीच परतली. घागर नाही, तोंडात शब्द नाही. मग आणखी एकीचं तसंच झालं.

"आसरा लागल्या," लोक म्हणाले. पाण्यातल्या त्या साती जणींना लिंबू उतरवलं, हळदकुंकू वाहिलं. टेकडीवर भीती अशी बसली, की तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबली.

कोंडाईने भिवराला पोटाशी घेतलं. पोरीच्या मनगटावर काळेनिळे डाग होते. दोराचा काच कसा उठतो, ते कोंडाईला ठाऊक. हा काच दोराचा नव्हता.

"पाटील, ही आसरांची करणी न्हाई. ही माणसाची बोटं हायेत."

"गप ऱ्हा, कोंडे! गाव तर बुडालंच, आता अब्रू बी बुडवतीस व्हय?"

"आन् पोरी बुडाल्या तर चालतंय?"

पाटील उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी कोंडाईच्या सुनेची होती. जावं तर जाळी, न जावं तर पोरं तहानेने मरणार. कोंडाईपाशी अंबाडीची काडी उरली नव्हती. तिने आपल्या लुगड्याचा काठ फाडला. मग एकेक बाई पुढे आली. कुणी पदर फाडला, कुणी केसांची बट कापून दिली.

"एकटीनं कुणी जायाचं न्हाई," कोंडाई दोर वळत म्हणाली. "समद्यांनी धरायचा. हिसका बसला की का म्हणून इचारायचं न्हाई. धावायचं."

पाण्याला निघालेल्या बायका दोर धरून जाळीत शिरल्या, सून सगळ्यांच्या पुढे. दुसरं टोक कोंडाईच्या मुठीत. दोर सरकत राहिला, सरकत राहिला, पण संपेना, असं म्हणतात. तिचे तळहात सोलले.

आणि हिसका बसला.

ती धावली. टेकडीवर मागे राहिलेल्या साऱ्या बायका तिच्यामागे धावल्या. जाळीत सून उभी होती, आणि हैबतीच्या मनगटाला दोराने विळखा घातला होता, साप घालतो तसा. विळा चालेना, कोयता चालेना, असं म्हणतात.

"सोड त्याला, कोंडे," धापा टाकत आलेला पाटील म्हणाला.

"म्या बांधलाच न्हाई. सोडू कशी?"

तेव्हा भिवरा पुढे आली. कितीतरी दिवसांनी तिचे ओठ हलले.

"ह्योच त्यो."

पाटलाची मान खाली गेली. दोर आपोआप गळून पडला. हैबती उताराने पळत सुटला, तो पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडला नाही.

आजही सावळखेड्यात पावसाळ्याआधी दोर वळतात. घराघरातून लुगड्याची एक चिंधी येते, आणि पहिला पीळ गावातली सर्वांत लहान मुलगी देते. पाणी चढू लागलं की धान्याआधी, देवाआधी तो दोर टेकडीवर नेतात. आणि दोराला हिसका बसला, तर सावळखेड्यात का म्हणून कुणी विचारत नाही. बाया धावतात. आता बाप्येही धावतात.