आवाज

"मला का नाही दिलीत ती सायकल, उस्ताद?"

उस्ताद हमीदमियाँ लिंबाखाली डोळे मिटून बसले होते. कागलच्या दर्ग्यामागे त्यांचं सायकलचं दुकान. केरबा तिथं बारा वर्षं शिकत होता.

"कोणती?"

"पोवार कंपाउंडरची. चेन आवाज करतेय ती. शेवंताबाईला दिलीत."

"हं."

"ती येऊन आठ महिने झाले, उस्ताद."

"हं."

"मला चेनीला हात लावू द्यायला तुम्ही तीन वर्षं घेतलीत."

उस्तादांनी डोळे उघडले. केरबाकडे पाहिलं. पुन्हा मिटले.

…

शेवंतानं सायकल उलटी केली. चेन उतरवली, घासलेटात धुतली, एकेक कडी पुसली. चक्राचा वाकलेला दाता सरळ केला. चेन चढवून तिला बोटभर ढील ठेवली. मग पायडल फिरवलं आणि कान लावून बसली.

आवाज नव्हता.

उस्ताद उठून आले. त्यांनीही पायडल फिरवलं. मग शेवंताच्या डोक्यावर हात ठेवला.

बारा वर्षांत तो हात केरबाच्या डोक्यावर एकदाच आला होता. त्याचा बाप गेला तेव्हा.

केरबाला जेवण गेलं नाही.

दुपारी उस्ताद नमाजाला गेले. शेवंता पाणी आणायला गेली. केरबानं पाना घेतला. मागच्या चाकाचे नट सैल केले, चाक मागं ओढलं, चेन तारेसारखी ताणली आणि नट पुन्हा आवळले.

संध्याकाळी कंपाउंडर सायकल घेऊन गेला.

…

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकल ढकलतच आला.

"उस्ताद, काल नुसती वाजत होती. आज घरघरतीय आणि चालतही नाही. लिंगनूरचा चढ चढताना मांड्या भरून आल्या. औषधं पोचवायला दीड तास उशीर झाला. तिथं एक म्हातारी वाट बघत बसली होती." त्यानं शेवंताकडे पाहिलं. "बाईच्या हाताचं काम… मला वाटलंच होतं."

शेवंताचा चेहरा उतरला.

"माझंच काहीतरी चुकलं असंल," ती म्हणाली.

केरबाला आतून गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसं.

"केरबा," उस्ताद म्हणाले. "तू बघ."

हीच हाक ऐकायला तो आठ महिने थांबला होता. त्यानं पाना उचलला, सरळ मागच्या चाकाशी बसला, दोन्ही नट सैल केले. चाक बोटभर पुढं सारलं. नट आवळले.

पायडल फिरवलं.

आवाज नव्हता.

"याला म्हणतात हात!" कंपाउंडर म्हणाला. "आधी पायडलसुद्धा फिरवून बघितलं नाही, आणि दुखणं सापडलं!"

तो सायकलवर टांग टाकून निघून गेला.

केरबाच्या हातात पाना तसाच राहिला.

पायडल फिरवून बघितलं नाही…

तो वळला. उस्ताद त्याच्याकडेच पाहत होते. रागानं नव्हे. एखादी चेन पाहावी, कडी न् कडी, तसे.

"उस्ताद… मी…"

उस्तादांनी तळहात वर केला. केरबा थांबला.

लिंबावर एक खार सरसरत गेली.

शेवंता पुढं आली आणि केरबासमोर जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांत ना राग होता, ना शंका. पाणी मात्र होतं.

"दादा," ती म्हणाली, "मी कान लावूनसुद्धा मला कळलं नाही. तुम्हाला न ऐकता कसं कळलं? मला शिकवाल?"

केरबानं पाना खाली ठेवला. तिनं ओरडायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या. ती पदरानं हात पुसून शिकायला बसली होती.

त्यानं उस्तादांकडे पाहिलं. सोडवा, असं.

उस्ताद उठले. खांद्यावर पंचा टाकला आणि दर्ग्याच्या दिशेनं निघाले. चार पावलांवर थांबले, पण मागं वळले नाहीत.

"शिकव तिला, केरबा," ते म्हणाले. "आवाज कसा काढतात ते."