उथळ पाण्यातले पाऊल

एकदा सावंतवाडीकडचे एक लाकडाचे व्यापारी, यशवंत पेडणेकर, साठी उलटल्यावर मासेमारी शिकायला हिमालयातल्या एका खोऱ्यात गेले. कोकणातल्या माणसाला मासेमारी काय शिकवायची, असे कुणीही म्हणेल. परंतु बर्फाच्या पाण्यातला ट्राउट हा मानी मासा. पाण्यावर उतरणाऱ्या किड्यावर तो झेपावतो. म्हणून पिसांची खोटी माशी बांधून ती दोरीने अलगद पाण्यावर उतरवावी लागते. ही विद्या जाणणारे शोभाराम नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्या गावी राहत असत.

दिवस हिवाळ्याचे होते आणि त्या काळात तिथे मासे धरायला बंदी असे. शोभारामांनी पहिल्याच सकाळी पक्कड घेतली, माशीच्या गळाचे टोक तोडले आणि काठी पेडणेकरांच्या हाती दिली.

"आता हात तयार करा, सेठजी. मासा उन्हाळ्यात."

पेडणेकरांनी ते मान्य केले. घरी परतण्यापूर्वी एक तरी मासा आपल्या माशीला शिवावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

गावाखालीच नदीचे उथळ पात्र होते. स्वच्छ खडीवर हातभर लांबीचे मासे स्पष्ट दिसत. शोभाराम मात्र त्या पात्राला मोठा वळसा घालून, दगडांचा चढ चढवून पेडणेकरांना दूरच्या डोहावर नेत. "इथे उतरायचे नाही," एवढेच त्यांनी एकदा सांगितले होते. डोहावर दहा दिवस गेले. दोरी कधी कानाला गुंडाळली जाई, कधी मागच्या झुडपात अडके. मासा एकही फिरकला नाही.

अकराव्या दिवशी पेडणेकर पहाटेच उठले आणि एकटेच उथळ पाण्यात शिरले. बूट खडीत रुतवत ते पात्राच्या मध्यापर्यंत गेले. मासे क्षणात पांगले.

एवढ्यात शोभाराम काठावर आले. ते रागावले नाहीत, हाकही मारली नाही. पाणी वाहत होते त्या दिशेला, पेडणेकरांपासून थोडे खाली, ते सरळ पाण्यात उतरले, डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी ती प्रवाहात गाळणीसारखी धरून उभे राहिले. ओठ थंडीने निळे पडले, तरी ते जागचे हलले नाहीत.

"बाबाजी, हे काय करता?" पेडणेकर गोंधळले.

"तुम्ही हलू नका. आहात तिथेच उभे राहा."

थोड्या वेळाने त्यांनी टोपी उघडून दाखवली. आत भिजलेल्या साबुदाण्याएवढे केशरी मणी होते. बरेच चिरडलेले, सात-आठ अखंड.

"ही अंडी," शोभाराम म्हणाले. "हिवाळ्यात मासोळी खडी उकरून त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी पसरते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्यांना आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते, की आपण तिथे पाय ठेवू नये. डोहात मासा मिळतो म्हणून मी तुम्हाला तिकडे नेत नव्हतो. इथे पाय पडू नये म्हणून नेत होतो. कारण सांगितले नाही, ही चूक माझी."

मग ती अखंड अंडी त्यांनी एकेक करून दगडांच्या फटीत सोडली. पेडणेकर ज्या वाटेने आत आले होते, त्याच पावलांवर पावले ठेवत बाहेर आले.

चुलीपाशी पेडणेकर पाय शेकत बसले. मग म्हणाले, "बाबाजी, सहा महिन्यांपूर्वी वखार मुलाच्या स्वाधीन केली. तरी रोज सकाळी जाऊन बसतो. त्याने रचलेल्या फळ्या पुन्हा रचायला लावतो. गिऱ्हाइकासमोर त्याला टोकतो. त्याचे भले व्हावे म्हणूनच हो. हल्ली तो माझ्याशी बोलत नाही."

शोभारामांनी चहाचा पेला पुढे केला. "बूट जड असतात, सेठजी. घालणाऱ्याला ते कळत नाही."

पेडणेकर खळखळून हसले; हसता हसता त्यांनी डोळेही पुसले.

त्यानंतर डोहाचा चढ ते कुरकुर न करता चढू लागले. पाचव्या सकाळी माशी पाण्यावर पिसासारखी उतरली, खालून एक सोनेरी पाठ वर आली आणि मासा माशीला तोंड लावून निघून गेला. दोघे म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले.

"झाली इच्छा पुरी. आता घरी?" शोभारामांनी विचारले.

"अजून महिनाभर राहीन म्हणतो," पेडणेकर दोरी गुंडाळत म्हणाले. "तिकडे मुलाच्या हाताखाली वखार रुजते आहे."