बाराव्या गाडीत

"मग मी का नाही, आप्पा?"

 सुकलाल भगत ओट्यावर बसून पायांना हळद लावत राहिले.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस. उन्हं कलली की नदीकाठी बारा बैलगाड्या एकामागे एक जोडायच्या, त्यांत गावानं दाटीवाटीनं बसायचं आणि भगतानं कमरेला दोर बांधून एकट्यानं त्या ओढायच्या, अशी त्या गावची रीत. तीस वर्षं आप्पांनीच ओढल्या. आता गुडघा कुरकुरत होता. त्यांच्याजवळ सात वर्षं शिकलेल्या भिवसननं मनाशी धरलं होतं, यंदा दोर आपल्याच कमरेला. पण आप्पा यंदाही स्वतःच ओढायला निघाले होते.

"महिनाभर एकवेळ जेवलो. रोज पहाटे दगडांनी भरलेली गाडी ओढली. आणखी काय करू?"

"गाडीत बसलास कधी?"

"गाडीत काय, कुणीही बसतं."

"मग आज तू बस. बाराव्या गाडीत."

भिवसनचं तोंड उतरलं. बारावी गाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांची, माहेरवाशिणींची. पण गुरूचा शब्द...

गेला. मनाशी म्हणाला, तिथून उभं राहून आप्पांचे पाय बघीन. जोर कुठे लावतात, ते तरी कळेल.

गाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मांडीवर टरबूज घेऊन गिरजाबाई बसली होती.

"ये रे भगताच्या चेल्या! एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंस? बस खाली."

"मावशी, मला पुढचं बघायचंय."

"अन् मी काय तुझी पाठ बघू?"

तिनं सदरा धरून त्याला खाली ओढलं, टरबूज त्याच्या मांडीवर दिलं. "धर नीट. हे फुटलं तर तुला फोडीन."

माहेरवाशिणी खो खो हसल्या.

पुढे ढोल वाजला. दोर ताणला... गाडी हलली.

दिवसभर तापलेला वारा नदीवरून गार होऊन आला. पोरींनी आखाजीची गाणी धरली. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, सगळे एकमेकांवर कलंडले, टरबूज निसटलं आणि फुटलंच.

भिवसननं मान खाली घातली. "फोड मावशी मला."

"आधी खा, मेल्या. मग बघू."

हातोहात लाल तुकडे फिरले. रस त्याच्या कोपरापर्यंत ओघळला. गाण्याचं ध्रुवपद तोही म्हणू लागला, बेसूर. पोरींनी पुन्हा म्हणायला लावलं.

गाड्या थांबल्या तेव्हा त्याला वाटलं... एवढ्यात?

मग तो भानावर आला आणि पुढे धावला. आप्पा मातीत बसले होते. छाती भात्यासारखी हलत होती. कुणीतरी उपरण्यानं वारा घालत होतं.

"काय बघितलंस?"

भिवसननं सदऱ्याला हात पुसले. हनुवटीला टरबुजाची बी चिकटली होती.

"तुमचे पाय बघायचे होते, आप्पा... पण ओढतंय कोण, हेच विसरून गेलो."

 आप्पांनी कमरेचा दोर सोडून भिवसनच्या खांद्यावर ठेवला.

"ओढताना मीही विसरतो," ते म्हणाले.