आवडीची कोळशाची खाडी

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. एका खाडीच्या काठी नावाड्यांचं गाव होतं. खाडी दिसायला शांत, पण तिच्या पोटात बावीस खडक होते. ओहोटीला ते डोकं वर काढत आणि भरतीला पाण्याखाली दबा धरून बसत.

म्हणून गावाने शाळा काढली होती. तिथले गुरुजी पोरांकडून 'खडकबाविशी' घोकून घेत. बावीस खडकांची बावीस नावं, धक्क्यापासून थेट समुद्राच्या तोंडापर्यंत, ओळीने. उलट्या क्रमाने म्हणायला मात्र सक्त मनाई. तसं केलं तर समुद्र कोपतो, असं गाव मानायचं. समुद्राला विचारायला कुणी गेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

परीक्षेच्या दिवशी अकरा मुलांनी बाविशी एका दमात म्हटली. गुरुजींची छाती फुगली. बारावी होती आवडी. ती नवव्या खडकापाशी अडली ती अडलीच.

"अगं, तुझ्या डोक्यात भरलंय तरी काय?" गुरुजी कडाडले.

"खाडी, गुरुजी," आवडी म्हणाली. तिने कोपऱ्यातल्या चुलीतला कोळसा घेतला आणि शाळेच्या जमिनीवर अख्खी खाडी काढली. कुठला खडक वाकडा, कुठला रुंद, कुठे पाणी खोल, सगळं त्यात होतं.

पोरं खो खो हसली. गुरुजींनी ओलं फडकं घेऊन जमीन पुसून टाकली. "चित्रं काढून नाव चालत नाही. आधी पाठ कर," ते म्हणाले. आवडी काळे हात परकराला पुसत जागेवर जाऊन बसली.

परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने गुरुजींबरोबर समुद्राच्या तोंडाशी जाऊन नारळ वाहायचा, असा रिवाज होता. सकाळी ओहोटीबरोबर नाव निघाली. एकेक खडक दिसत गेला, पोरं एकेक नाव घेत गेली. नारळ वाहिला आणि भरती लागल्यावर नाव परत फिरली.

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. असं दाट, की वल्ही मारणाऱ्याला स्वतःचं वल्हं दिसेना.

"घाबरू नका रे, बाविशी म्हणा," गुरुजी म्हणाले.

पोरांनी धक्क्यापासून सुरुवात केली. पण धक्का तर पुढे होता! दातऱ्या खडकानंतर कुठला, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. दातऱ्याच्या आधी कुठला? कुणालाच सांगता येईना. गुरुजींनाही येईना. दर वेळी त्यांना मनातल्या मनात पहिल्यापासून सुरू करावं लागे आणि तोवर भरतीचं पाणी नाव पुढे लोटून नेई. एवढ्यात तळाशी काहीतरी खरवडलं. बारा लेकरं आपल्या भरवशावर नावेत बसली आहेत आणि तीस वर्षं शिकवलेलं आज कामी येत नाही, हे गुरुजींना कळून चुकलं.

तेवढ्यात समोर कासवासारखं तोंड पुढे काढलेली एका खडकाची काळी पाठ दिसली. पाण्यात बुडत चाललेली.

"कासव्या!" कुणीतरी ओरडलं.

आवडीने डोळे मिटले. "गुरुजी, नाव डावीकडे घ्या."

"कशावरून म्हणतेस?"

"कासव्याचं तोंड कायम गावाकडे असतं. मी तसंच काढलं होतं. आत्ता ते डावीकडे बघतंय, म्हणजे गाव तिकडे. आपण आडवे चाललोय."

गुरुजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि सुकाणू वळवलं. "आणखी काय दिसतं, पोरी?"

"आता जुळे खडक येतील. त्यांच्या मधून नको. थोरल्याच्या बाहेरून खोल पाणी आहे."

"थोरला म्हणजे तो वाकडा ना?" मागून एक मुलगा म्हणाला. काल चित्र बघून तो सगळ्यात मोठ्याने हसला होता. "मलापण दिसतोय आता. तू काढला होतास तसाच!"

मग एकाला एक आठवलं, दुसऱ्याला दुसरं. पुसून टाकलेलं चित्र मुलांनी मिळून पुन्हा उभं केलं आणि नाव त्यातून वाट काढत निघाली. अखेर चुलींच्या धुराचा वास आला आणि धक्क्यावरून आयांच्या हाका ऐकू आल्या.

गुरुजींनी पोरं उतरवून घेतली आणि मोजली. बारा. पुन्हा मोजली. बाराच. मग ते धक्क्याच्या पायरीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. इतकं हलकं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी आवडीच्या हातात कोळसा दिला. "मी पुसलेली खाडी परत काढ, बाई. आणि आम्हालाही शिकव."

चित्र झालं. गुरुजी चित्रातल्या समुद्राच्या तोंडाशी उभे राहिले आणि गावात पहिल्यांदाच बाविशी उलटी म्हणू लागले. चौथ्या खडकालाच अडले.

"गुरुजी, पायाखाली बघा की!" आवडी म्हणाली. सगळा वर्ग हसला, गुरुजी सर्वांत जास्त. समुद्र काही कोपला नाही.

त्याच आठवड्यात आवडीने चित्रावरून चालत चालत बाविशी म्हटली, जाताना आणि येतानाही, एकदाही न अडखळता. त्या शाळेत घोकणं काही बंद झालं नाही, पण त्याआधी गुरुजी प्रत्येकाला विचारू लागले, "काय दिसतं? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं?"

तात्पर्य: नुसतं पाठ केलेलं एकाच वाटेने चालतं, डोळ्यांपुढे उभं राहिलेलं मात्र परतीची वाटही दाखवतं.